तिसऱ्या कडव्यानंतर

सोनमळा, ता. श्रीरामपूर
३ नोव्हेंबर २०२५

श्री. गिदोन यांस,

वर 'प्रिय' नाही आणि 'सलाम'ही नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. अकरा वर्षांनी नवऱ्याला पत्र लिहिताना मायना काय घालायचा, हे आम्हाला कॉन्व्हेंटात शिकवलं नाही. सिस्टरांनी रजेचा अर्ज शिकवला आणि सांत्वनाचं पत्र शिकवलं. हे त्या दोन्हींच्या मधलं काहीतरी समजा.

मी हे चर्चच्या मंडळीच्या वतीने लिहिते आहे. नवे पाळक सुहासराव यांनी काम माझ्यावर टाकलं. "आंटी, तुम्ही लिहिलंत तर अंकल नक्की येतील." एकतीस वर्षांचा मुलगा, गावात येऊन आठ महिने झालेत. आपण वेगळे का राहतो त्याचं खरं कारण त्याला कोणी सांगितलं नाही. सांगणार कोण? ते फक्त दोघांना ठाऊक आहे आणि त्यातल्या एकाला ऐकू येत नाही.

फोन करायची सोय नाही म्हणून पत्र. मनवाच्या मोबाईलवर पाठवलं असतं तर आधी आपल्या मुलीने वाचलं असतं. हे पत्र तिला दाखवू नका.

काम असं. वैजनाथ ऑगस्टमध्ये गेला. त्यामुळे त्या खंदकातले तुम्ही एकटे उरलात. हवालदार सहादेव तर केव्हाच गेले. पाळकांचं म्हणणं, यंदाच्या आठवणीच्या रविवारी, १४ डिसेंबरला, तुम्ही गायकवृंदाच्या पुढे उभं राहावं. गायचं नाही, नुसतं उभं राहायचं. शाल, श्रीफळ, श्रीरामपूरहून दोन कॅमेरेवाले. नाताळात चर्चच्या अंगणात काळा दगड बसवणार आहेत, त्यावर कोरायचे शब्द ठरलेत: 'ते गात राहिले.'

माहितीपत्रकही छापायला गेलंय. त्यातला मजकूर उतरवून देते, म्हणजे आपलं गाव तुमच्याबद्दल काय समजतं त्याची उजळणी होईल.

"१९७१ च्या युद्धात सोनमळ्याचा सुपुत्र नॅथन जखमी होऊन दोन खंदकांमधल्या शेतात पडला. गोळीबारामुळे त्याच्यापर्यंत पोचणे अशक्य होते. तेव्हा त्याच्या तिघा सोबत्यांनी, त्याच्याच वडिलांनी रचलेले गीत गाण्यास सुरुवात केली. त्याचा प्राण जाईपर्यंत एकदाही खंड न पडू देता ते गात राहिले आणि नॅथननेही अखेरच्या श्वासापर्यंत त्यांच्या सुरात सूर मिसळला. त्या स्मरणार्थ आपला गायकवृंद दरवर्षी डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी मंडळीकडे पाठ आणि पश्चिमेच्या दाराकडे तोंड करून, तेच गीत, दोन कडव्यांमध्ये श्वासाइतकीही फट न ठेवता गातो. गेली बेचाळीस वर्षे या गायकवृंदाला शिकवणाऱ्या श्रीमती मरियम या हुतात्मा नॅथन यांच्या भगिनी होत."

मुद्रितं मी तपासली. दोन ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. बाकी काही दुरुस्त केलं नाही. 'श्रीमती'सुद्धा तसंच राहू दिलं.

येणार की नाही ते वीस तारखेपर्यंत मंडळीला कळवावं. एसटी तुम्हाला फुकट आहे, तेव्हा ती सबब चालणार नाही. माझं स्वतःचं विचाराल तर न आलात तर बरं.

मरियम


१७ नोव्हेंबर

तुमचं कार्ड मिळालं. "येणार नाही. तब्येत बरी नसते. मंडळीला सलाम." मोजून सात शब्द. मंडळीला सलाम पोचवला. मंडळी म्हणाली, अरेरे.

विषय तिथेच संपला असता. पण परवा लंकाबाई आली होती, वैजनाथची बायको. तिला ओसरीवर बसवेपर्यंत तिने अर्धी आळी गोळा केली असेल, असा आवाज.

"मरियमबाय, हाय का घरात? का गान्यात हाय?"

मी म्हटलं, "घरात आहे, लंकाबाई. बसा."

"बसाय न्हाई आले. एक विचाराय आले." आणि बसली. "आमचे ह्ये जायच्या आधी तीन दिस एकच बोलत हुते. 'तिसऱ्यानंतर थांबाय पायजेल हुतं.' मी म्हनलं, तिसऱ्यानंतर काय? तिसऱ्या पोरानंतर? आवो, आता चौथी पोरगी नांदाय गेली, नातवंडं झाली, आता कुटं थांबता! तर माझ्याकडं असं बघितलं, जनू मी कोन परकी बाय हाय."

मी हसले. तीही हसली. मग डोळ्याला पदर लावून म्हणाली, "तुमच्या गान्यातलं काय हाय का त्ये?"

"गाण्यात सात कडवी आहेत. तिसरं आहेच की एक."

"मंग तिसऱ्यानंतर काय हाय?"

"चौथं."

"त्ये मला बी कळतंय, बाय. मी साळंत गेले न्हाई, पर चारपत्तुर मोजता येतंय."

मग तिने मला असं काही सांगितलं जे मी चाळीस वर्षं बघितलं होतं आणि पाहिलं नव्हतं. वैजनाथ दरवर्षी आपल्या चर्चमध्ये यायचा, चपला बाहेर काढून पुरुषांच्या रांगेत टोकाला उभा राहायचा. आपल्या भिंतीला भिंत लावून वाढलेला पोरगा, त्याला ते गीत आमच्याइतकंच पाठ. पहिली तीन कडवी गायचा. तिसरं संपता संपता त्याला ठसका लागायचा आणि तो पाणी प्यायला बाहेर जायचा. दरवर्षी. मी मनात त्याच्या बिड्यांना नावं ठेवायचे.

"बिड्यांनी?" लंकाबाई म्हणाली. "दिसाला एक कट्टा वढायचे, पर कदी खोकला न्हाई. त्यो ठसका फकस्त तुमच्या गान्याच्या दिशी. बरा यायचा ठरवून."

मी म्हटलं, "मला माहीत नाही, लंकाबाई."

तर ती उठत उठत म्हणाली, "तुमाला न्हाई म्हाईत? आन् लोकास्नी शिकिवता?"

मी कॉन्व्हेंटात बोटांवर पट्ट्या खाल्ल्या आहेत, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं लोकांच्या शिव्या खाल्ल्या आहेत. इतकं लागलं नव्हतं.

म्हणून विचारते. मंडळीच्या वतीने नाही. अकरा वर्षांपूर्वी, त्या जूनमध्ये तुम्ही मला सांगितलंत. मी मेथी निवडत होते आणि तुम्ही समोर येऊन उभे राहिलात. त्याच महिन्यात डॉक्टरांनी हात टेकले होते, दुसऱ्या कानाचं यंत्रही काही उपयोगाचं नव्हतं. म्हणालात, "आता मला ते गाणं ऐकू येत नाही, म्हणून सांगतो." नॅथन आमच्यासोबत गात नव्हता, म्हणालात. तो ओरडत होता. धुक्यात दिसत नव्हता, पण ओरडणं स्पष्ट ऐकू येत होतं, पहाटेपासून. कुणाला बाहेर जाऊ द्यायचं नाही असा हुकूम होता. सहादेव म्हणाले, गा रे काहीतरी, नाहीतर आपल्यातलाच कोणीतरी बाहेर पळेल. आणि तुम्ही अण्णांचं गाणं धरलंत. त्याच्यासाठी नाही, त्याला ऐकू यावं म्हणूनही नाही. तुम्हाला तो ऐकू येऊ नये म्हणून.

मी तासभर तुमच्यावर ओरडले. तुम्ही मान डोलवत उभे होतात, एक अक्षर पोचत नव्हतं. शेवटी गॅसच्या पावतीमागे मी एक शब्द लिहिला आणि तुमच्या हातात दिला. 'निघा.' तुम्ही निघालात.

तेव्हा एक विचारायचं राहिलं. माझा वीस वर्षांचा भाऊ ओरडून काय म्हणत होता?

ते जाणणारे तिघे होते. दोघे गेले.

मरियम


२६ नोव्हेंबर

उत्तर नाही. मनवाने व्हॉट्सॲप केलंय: 'मम्मी, पप्पा जेवत नाहीत, तू काय लिहिलंस?' मी लिहिलं, 'मंडळीचं काम.' ती आईची मुलगी आहे, तिला पटलेलं नाही.

तुम्ही बोलत नसाल तर मी बोलते. घ्यायचं तर आधी द्यावं लागतं. हिशोब म्हणून नाही, कबुली म्हणून घ्या.

एक. तुम्ही गेल्यावर गावाने विचारलं, गिदोन का गेला? मी काही बोलले नाही. कुणीतरी म्हणालं, फौजी माणूस, बाटली असेल. मी तरी काही बोलले नाही. पुढे महिला मंडळात प्रार्थनाच सुरू झाली, 'मरियमताईंच्या यजमानांची व्यसनातून सुटका होवो.' मी डोळे मिटून आमेन म्हटलं. तुम्ही नाताळातला केकसुद्धा रम घातलेला खात नव्हतात, हे मला ठाऊक असताना. अकरा वर्षं या गावात तुम्ही दारुडे आहात आणि वीरही आहात. लोकांना दोन्ही एकत्र चालतं, हे मला तेव्हा कळलं.

दोन. खरं काय ते कळल्यावर मी गाणं सोडायला हवं होतं. सोडलं नाही. त्या वर्षी डिसेंबरात उभी राहिले, पुढच्या वर्षीही राहिले. निवृत्त झाले होते, तुम्हाला घालवलं होतं, मनवा कोपरगावला नोकरीत. गुरुवारच्या सरावाला वीस माणसं माझ्या बोटाकडे बघायची, तेवढंच काय ते राहिलं होतं. नगरहून, म्हणजे आता अहिल्यानगर म्हणायचं, दरवर्षी लोक यायचे आणि म्हणायचे, काय हो ही श्वासांची शिस्त! मी मुलींना शिकवत होते, एकीचा श्वास संपायच्या आत दुसरीने सूर उचलायचा. एकजण गप्प झाली तरी ऐकणाऱ्याला कळता कामा नये. फट दिसली तर मी पट्टी आपटायचे. कशासाठी फट बुजवतोय ते कळल्यानंतरही आपटायचे. उलट जास्त जोरात.

तुम्ही एक दिवस गायलात. मी अकरा वर्षं समजून-उमजून गायले. तेव्हा मी तुम्हाला न्यायाधीश म्हणून विचारत नाहीये. तो अधिकार होता तोवर मी वापरून संपवला.

आपलं लग्न आठवतं का? चौऱ्याहत्तर साल. अण्णा म्हणाले, ज्याने माझ्या मुलाला गाणं गात निरोप दिला त्याच्या घरी माझी मुलगी जाते आहे. मी तेव्हा एकवीस वर्षांची. तुमचा चेहरा मी नीट पाहिलाही नव्हता. मी त्या गाण्याशी लग्न केलं. तुम्ही कुणाशी केलंत? ते विचारत नाही, भीती वाटते.

फक्त एवढंच विचारते. तो काय म्हणत होता? पाणी मागत असेल तर पाणी लिहा. आईला हाक मारत असेल तर तसं लिहा. मी टेलिफोनवर आयुष्यभर लोकांच्या हाका एकमेकांना जोडून दिल्या. बाळंतपणं, मरणं, मध्येच लाईन तुटलेली भांडणं. कितीही खरखर असली तरी शब्द ओळखायचे आणि पुढे सांगायचे. माझ्या घरची एक हाक चोपन्न वर्षं अडकून पडली आहे. ती पोचती करा.

मरियम


६ डिसेंबर

तुमचं पत्र मंगळवारी आलं. वाचून मी पहिल्यांदा काय केलं ते सांगते. त्यात शुद्धलेखनाची चूक शोधली. सापडली नाही. तुम्ही आयुष्यात एवढं नीट कधी लिहिलं नव्हतंत. म्हणजे ते पाठ होतं.

मी ते इथे पुन्हा लिहून काढते आहे. दोन प्रती असाव्यात. तुम्ही शहात्तरचे, मी बहात्तरची.

"तिसरं कडवं संपलं आणि वैजनाथला ठसका लागला. सहादेव आधीच थकून थांबले होते. मी एकटा पडलो आणि थांबलो. तेवढ्यात ऐकू आलं. तो म्हणाला, गिद्या, गेले रे ते. कुणी नाही इथं. या. दोनदा म्हणाला. सहादेव म्हणाले, फसू नका, बंदूक लावून वदवून घेताहेत. मला तसं वाटलं नाही. तो घाबरलेला वाटत नव्हता. विहिरीवरून आपल्याला हाक मारायचा तसा आवाज होता. पण माझे पाय उठले नाहीत. मी चौथं कडवं उचललं, जेवढं मोठ्याने येईल तेवढ्या मोठ्याने. वैजनाथ माझ्या तोंडाकडे बघत राहिला. मग तोही गायला लागला. सातवं संपेपर्यंत तो बोलत होता की नाही मला ठाऊक नाही. नऊच्या सुमारास धुकं विरलं. समोरच्या खंदकात कुणी नव्हतं. त्यांची चूलसुद्धा थंड झाली होती. डॉक्टर म्हणाले, तासाभरापूर्वी आणलं असतं तर. गावी आलो तेव्हा मास्तरांनी दारातच विचारलं, त्याच्यासाठी प्रार्थना केलीत का रे? मी म्हणालो, आम्ही गात होतो. पुढचं मास्तरांनी स्वतःच रचलं. मी अडवलं नाही."

मास्तर म्हणजे माझे अण्णा. बरोबर, ते तसेच होते. त्यांना दोन ओळी दिल्या की तिसरी ते स्वतः लिहायचे.

मला वाटलं होतं, पाणी असेल. आई असेल. मी त्या दोन्हींची तयारी ठेवली होती. तो मात्र बातमी देत होता. रक्त जात असताना तो तिथे पडून तुमच्यासाठी टेहळणी करत होता आणि तुम्हाला सांगत होता की वाट मोकळी आहे.

गाण्याचं ध्रुवपद घ्या. 'हाक माझी पोचली, देवा, तुझ्या दारी. कान नाही झाकले तू, माझिया कैवारी.' अण्णांनी हे एका आजारपणानंतर रचलं होतं, मी तेव्हा नऊ वर्षांची. देवाने कान झाकले की नाही मला माहीत नाही. त्याला गरजच पडली नसेल, तुम्ही तिघे होतात.

आणि चौथं कडवं! अण्णांनी गाणं चार आवाजांत बसवलं तेव्हा तुम्हाला विचारलं होतं, तिसऱ्यानंतर दमला असाल, चौथं कुणी उचललं? तुम्ही म्हणालात, मी. तेव्हा अण्णा म्हणाले, मग चौथं आपल्या घरातूनच उचललं जाईल. तो मान मला दिला. म्हणून चौथं कडवं आल्टो, म्हणजे खालच्या आवाजाच्या बायका, उचलतात आणि आल्टोंत मी. लोक म्हणतात, त्या जागी अंगावर काटा येतो. मी दर डिसेंबरात, तो मान नऊवारीसारखा मिरवत, माझ्या भावाच्या तोंडावर हात ठेवत आले.

काल पाळकांकडे गेले. म्हटलं, "यंदा तिसऱ्या कडव्यानंतर जरा थांबू या का? तीन-चार श्वास."

"आंटी, नको ना! तीच तर आपली खासियत आहे. कॅमेरेवाल्यांना मी तेच सांगून ठेवलंय, एकही कट नाही."

"मी सांगते म्हणून."

"तुम्ही दमत असाल तर बसून गा ना. खुर्ची ठेवतो."

खुर्ची! मी म्हटलं, "माझे पाय शाबूत आहेत, सुहासराव. तुमचे कान तपासून घ्या." बिचारा हसला. त्याला वाटलं, आंटी विनोदी आहेत.

त्याला सगळं सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलं होतं. मग अण्णांचं नाव मधे आलं, लंकाबाईचं तोंड आठवलं, आणि खरं सांगायचं तर माहितीपत्रकातलं माझं नावही आठवलं. नाही सांगितलं.

पण एक ठरवलं आहे. त्या रविवारी तिसरं संपलं की मी गप्प राहणार. आल्टोंनी उचललं नाही तर चौथं सुरूच होऊ शकत नाही, गाणं तसंच बांधलंय. तेवढी शांतता त्या चर्चमध्ये एकदा पडू दे. कुणाला कळो न कळो. तो ज्या जागी बोलत होता ती जागा एकदा तरी त्याला मोकळी करून द्यायची आहे. माझ्या हातात एवढंच आहे.

कार्यक्रम दहाला आहे. कळवते आहे, बोलावत नाही.

मरियम


१५ डिसेंबर

झालं ते लिहिते. तुम्ही पाहिलंत, पण ऐकलं नाहीत. मी ऐकलं. तेव्हा दोघांचं मिळून पूर्ण होईल.

चर्च भरलेलं होतं. एक कर्नल आले, पदकं लावलेले चार म्हातारे आले. लंकाबाई पहिल्या बाकावर, नवीन लुगडं. पाळकांनी तुमच्या तब्येतीसाठी प्रार्थना केली आणि 'त्यांच्या दुर्बलतेबद्दल' क्षमाही मागितली. म्हणजे बाटलीबद्दल. या वेळी मी आमेन म्हटलं नाही. एवढं तरी झालं.

आम्ही उठलो आणि मंडळीकडे पाठ केली. कॅमेरे वेदीपाशी, म्हणजे त्यांनाही पाठीच. पश्चिमेचं दार उघडं, पायऱ्यांवर ऊन, चपलांचा ढीग. आणि चपलांपलीकडे तुम्ही. पांढरा सदरा, मनवाने इस्त्री केलेला असणार, तुम्हाला कॉलर जमत नाही. आत आला नाहीत. तिथेच आमच्या तोंडांसमोर उभे राहिलात. अकरा वर्षांत तुम्ही बारीक झालात. माझा पहिल्या कडव्यातला एक सूर खाली गेला, तो तुमच्यामुळे.

दुसरं झालं. तिसरं झालं. तिसऱ्याची शेवटची ओळ सोप्रानो, म्हणजे वरच्या आवाजाच्या पोरी, ओढून धरतात, त्या ओळीवर आल्टोंनी यायचं. मी तोंड मिटलं.

आणि चौथं सुरू झालं.

माझ्या डावीकडे एंजेला उभी होती. एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाते, सरावाला नेहमी उशिरा. तिने डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं की आंटीचं तोंड मिटलंय, आणि त्याच श्वासात, एक केसभरही फट न ठेवता, तिने चौथं उचललं. तिच्यामागे बाकीच्या पाच जणी. एकजण गप्प झाली तरी ऐकणाऱ्याला कळता कामा नये. मीच शिकवलं होतं. बेचाळीस वर्षं पट्टी आपटून शिकवलं होतं. माझ्यावरून ते गाणं असं वाहत गेलं, की मी तिथे नव्हतेच. नॅथनवरून कसं गेलं असेल ते मला तेव्हा कळलं. कोणी दुष्ट नव्हतं. सगळे मन लावून गात होते.

चौथं, पाचवं, सहावं, सातवं मी ओठ मिटून उभी होते. तीनशे माणसांच्या त्या चर्चमध्ये कुणालाही कळलं नाही. टाळ्या पडल्या. कर्नलसाहेब म्हणाले, "मॅडम, चौथ्या कडव्याला तुमचा आवाज काय लागला होता!" मी म्हटलं, "थँक यू." सिस्टरांचे संस्कार.

एंजेला नंतर हळूच म्हणाली, "आंटी, तुम्हाला चक्कर आली का? मी सांभाळून घेतलं हं." तिला वाटलं, मी तिला शाबासकी देईन. दिली. तिचा काय दोष?

माझं तोंड फक्त एका माणसाने पाहिलं. ज्याला ऐकू येत नाही, तो तोंडाकडेच बघणार. तिसऱ्यानंतर तुम्ही एक पायरी वर चढलात, ते मी पाहिलं. मग चौथं चालू आहे हे तुम्हाला पोरींच्या ओठांवरून कळलं असावं, कारण तुम्ही तिथेच थांबलात आणि दोन्ही हात डोक्यावर ठेवलेत, उन्हात, चपलांच्या ढिगाशेजारी. सातवं संपेपर्यंत तुम्ही तसेच होतात आणि मीही तशीच. मी बाहेर येईपर्यंत तुम्ही स्टँडकडे निघून गेला होतात. मी मागे आले नाही. हाक मारून उपयोग नव्हता, हे कारण मी मनाला दिलं. खरं कारण वेगळं होतं.

काही गैरसमज नको. मी तुम्हाला क्षमा केलेली नाही. तिथे उभी असताना करावी असं वाटलं, घरी आल्यावर नाही वाटलं. तुमचे पाय उठले नाहीत, ते मी समजू शकते, माझेही आयुष्यभर कुठे उठले? पण तुम्ही माझ्याशी लग्न केलंत आणि चाळीस वर्षं माझ्या शेजारच्या उशीवर झोपलात आणि त्याचे शब्द स्वतःजवळ ठेवलेत. ते माझे होते. त्याबद्दल माझ्याकडे क्षमा नाही, शोधून पाहिली.

पण गप्प राहून भागत नाही, हे काल मला कळलं. आपल्या गावात गप्प बसलेल्या माणसावरून गाणं सरळ पुढे जातं. तेव्हा बोलावं लागेल. दगडवाला मंगळवारी २३ तारखेला अक्षरं कोरायला बसणार आहे. त्याच्या आधी गुरुवारी, १८ ला, संध्याकाळी साडेपाचला सराव आहे. नाताळच्या गीतांचा. मी सराव घेणार नाही. वीसच्या वीस जणांना बसवणार आणि सांगणार. पाळकांनाही बसवणार आणि लंकाबाईलाही, तिला चारपर्यंत मोजता येतं, तिचा हक्क पहिला. सुरुवात तुमच्यापासून करणार नाही. आधी बाटलीचं सांगेन, मग माझी अकरा वर्षं, मग अण्णा, मग तुमचं पत्र जसंच्या तसं वाचेन. त्यानंतर गायकवृंद मला ठेवेल की नाही, दगडावर काय लिहायचं, ते त्यांनी ठरवावं. लंकाबाई दगड मारेल, अशीही शक्यता आहे. तिच्या नवऱ्याला गाण्याच्या दिवशी नेम धरून ठसका लागायचा, तिचाही नेम चांगला असेल.

कोपरगावहून तीनची एसटी पकडलीत तर वेळेवर पोचाल. पुरुषांच्या बाकावर नको, माझ्या समोर बसा, पहिल्या रांगेत. मी सावकाश बोलेन आणि तोंड तुमच्याकडे ठेवेन. कुठे चुकले, किंवा कुठे स्वतःला वाचवायला लागले, तर हात वर करा. मी थांबेन.

मरियम